गोलमागची खुर्ची

हॉकीच्या मैदानावर सगळ्यात सहज मिळणारी आणि सगळ्यात कमी तपासली जाणारी गोष्ट म्हणजे गोलकीपरचं नाव. एकदा का कोणी त्याला 'भिंत' म्हटलं की तो भिंत. मग त्या भिंतीला किती भगदाडं आहेत हे कोणी मोजायला जात नाही. आणि ज्याला कोणी काहीच म्हटलं नाही, तो वर्षानुवर्षं गोल राखून राखून एक दिवस हेल्मेट खुंटीला लावतो. हे मला मान्य नाही. म्हणून हा लेख.

मी मूळची लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरची. आता नांदेडला एका शाळेत खेळाची कंत्राटी शिक्षिका आहे आणि सुट्टीच्या दिवशी दोन्ही जिल्ह्यांत हॉकीची पंच. आमच्या शाळेतल्या शिपाईमामांच्या मते पंच म्हणजे 'भर उन्हात पळून शिव्या खाणारी बाई'. त्यांचं फारसं चुकत नाही. आई-वडील दोघंही चळवळीतले. आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. मोर्चाच्या आदल्या दिवशी आम्ही भावंडं फरशीवर बसून पत्रकांच्या घड्या घालायचो आणि घालता घालता वाचायचो. त्यामुळे लिहायला बसलं की मला हकीकतीआधी मागणी सुचते. या लेखातही एक मागणी आहे. ती तिच्या जागी येईल.

आधी आमचं काम समजून घ्या. हॉकीत दोन पंच असतात. मैदानाचे दोन भाग करून एकेकानं एकेक भाग सांभाळायचा. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, पंच बदलत नाहीत. म्हणजे पहिला अर्धा वेळ मी एका संघाच्या गोलजवळ असते, दुसरा अर्धा वेळ दुसऱ्याच्या. गोलसमोर अर्धवर्तुळ आखलेलं असतं, त्याला सगळे डी म्हणतात. डीच्या आतून मारलेलाच बॉल गोल धरला जातो, त्यामुळे खरी मारामारी तिथे, आणि त्या मारामारीपासून हाताच्या अंतरावर मी. प्रेक्षकांना जे दिसतं ते मलाही दिसतं. पण त्यांना कधीच ऐकू न येणारं काहीतरी मला ऐकू येतं, ते म्हणजे गोलकीपरचा आवाज.

मैदानात एकट्या गोलकीपरला सगळा खेळ समोर दिसतो. त्याच्यापुढे खेळणाऱ्या बचावाच्या मुलांची त्याच्याकडे पाठ असते. मागून कोण शिरलं, कुठली जागा उघडी पडली हे त्यांना दिसत नाही. ते गोलकीपरनं सांगायचं. "डावीकडं सरक", "मागं ये", "त्याला सोडू नको". चांगला गोलकीपर सामनाभर बोलत असतो. तो बरोबर बोलला की मारणाऱ्याला मारायला जागाच उरत नाही. बॉल गोलकडे येतच नाही. आणि बॉल आला नाही की प्रेक्षक म्हणतात, याला आज काही कामच नव्हतं.

हे मला शिकवलं बाबूभाईंनी. नांदेडात जुन्या हॉकीवाल्यांच्या चहाच्या टपरीवर बाबूभाईंच्या एका सेव्हची गोष्ट अजून सांगतात. बाहेरगावचा तगडा संघ, शेवटची काही मिनिटं, बॉल वरच्या कोपऱ्यात चाललेला, आणि बाबूभाई आडवे हवेत. कोणी सांगतं बोटांनी अडवला, कोणी सांगतं हेल्मेटनं, आणि एक गृहस्थ तर दातांनी सांगतात. एकदा मी बाबूभाईंना विचारलंच. चहात बिस्किट बुडवत ते म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? मी जागा सोडली होती. त्या पोराला मागून येताना बघितलंच न्हाई, कोणाला आवाज दिला न्हाई. म्हणून उडी मारावी लागली. बॉल आपला येऊन खांद्याला लागला."

"मग लोक तर त्याच सेव्हवर तुम्हाला ओळखतात."

"हाव ना. ज्या दिवशी चुकलो त्या दिवसावर माझं नाव चालू हाय. आणि जे सामने नुसतं ओरडून काढले, ते माझ्या बायकोला पण म्हाईत न्हाईत." मग हसून म्हणाले, "गोलकीपरला कानानं बघायचं, मॅडम. डोळे फसवतात."

तेव्हापासून मी कानानं बघते. आणि काय काय ऐकलं! उदगीरकडचा एक मुलगा होता, बिनतोड गोलकीपर. गावच्या संघात त्याच्यावर गोल होणं म्हणजे नवल. त्याला शहराच्या संघात घेतलं आणि पहिल्याच सामन्यात धो धो गोल झाले. 'गावात चालतो, मोठ्या खेळाला उपयोगाचा नाही' म्हणून काढून टाकला. मी जवळ उभी होते म्हणून मला कळलं होतं. पोरगा जीव तोडून सांगत होता, पण सांगत होता कानडीत. गावच्या पोरांना ते कळायचं, शहरातल्या पोरांना काय कळणार? कोणीतरी त्याला चार मराठी शब्द शिकवायचे, किंवा त्या पोरांनी चार कानडी शिकायचे. एवढंच करायचं होतं. केलं नाही. तो आता खेळत नाही. त्याची आठवण आली की मला अजूनही राग येतो.

आता शिवकांताची गोष्ट.

शिवकांता नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. नांदेडला वसतिगृहात राहून कॉलेज करायची आणि मजीद सरांच्या संघात गोल राखायची. मजीद सर म्हणजे नांदेडच्या मुलींच्या हॉकीसाठी स्वतःची दुकानदारी बाजूला ठेवणारा माणूस. त्यांचं सरावाचं मैदान एका मंगल कार्यालयाला लागून आहे. लग्नसराईत तिथे सकाळपासून बँड. गोलकीपरनं बेंबीच्या देठापासून ओरडलं तरी तिच्यापुढच्या मनीषाला ऐकू जायचं नाही. मनीषा म्हणजे त्यांच्या बचावाचा कणा. तेव्हा शिवकांतानं एक खूण बसवली होती. हातातली स्टिक गोलच्या लोखंडी खांबावर आपटायची. एक ठोका म्हणजे डावीकडे सरका, दोन म्हणजे उजवीकडे, लागोपाठ ठोके म्हणजे सगळ्या मागे या. लग्नाचा मोसम संपला की ठोके बंद आणि पुन्हा तोंड सुरू.

मी तिचे सामने पाहिले ते तोंडवाले. नांदेडच्या एका सामन्यात मध्यंतराला मी बाटलीनं पाणी पीत उभी होते, तर धोतर-टोपीतले एक गृहस्थ जवळ आले.

"मॅडम, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा की काका."

"मी मारोती. ती लोखंडी टोपीवाली पोरगी माझी हाय, शिवकांता." त्यांनी गोलकडे बोट केलं. "ती काही करत न्हाई का हो? तिकडची पोरगी बघा कशी सूर मारून राहिली, लोकं टाळ्या वाजवून राहिले. आमची नुसती उभी राहून ओरडती. घरी तर तोंडातून शब्द न्हाई निघत. ल्हानपणी ज्वारीत माळ्यावर उभी करायचो पाखरं राखायला, तवा डबा वाजवायची, तेवढाच काय तो तिचा आवाज. इथं कामून एवढी ओरडती?"

पंचानं खेळाडूबद्दल बोलायचं नसतं. मी एवढंच म्हणाले, "काका, पुढच्या खेपेला तुम्ही इथं बाजूला बसू नका. गोलच्या मागं जाऊन बसा."

"तिथं ऊन हाय."

"असू द्या. डोक्यावर उपरणं घ्या."

त्यांना वाटलं असेल, पंचबाईचं डोकं उन्हानं फिरलं.

इकडे लातूरला ऋतुजा होती. तिचं नाव दोन्ही जिल्ह्यांत झालेलं. पेपरात तिचा फोटो यायचा तो जमिनीला समांतरच. मी तिच्या नावावर रागावले आहे असं समजू नका. पोरगी खरोखर विजेसारखी होती. समोरच्या मुलीनं मारायला स्टिक उचलली की ही हेल्मेटमधून ओरडायची, "मार ना! जेवून आली नाहीस का?" आणि मारलेला बॉल लाथेनं उडवून लावायची. तिचं जेवढं नाव होतं तेवढी ती होतीच. माझं भांडण वेगळं आहे. तिच्याकडे सारखा बॉल का येतो, हे कोणी विचारत नव्हतं. ऋतुजा विरोधकांशी बोलायची, आपल्या मुलींशी नाही.

त्या वर्षी विभागाच्या संघाची निवड लातूरला होती. नांदेड विरुद्ध लातूर असा सामना, आणि त्यातून संघ निवडायचा. गोलकीपर दोघी नेतात, पण खेळते एक. दुसरी बाकावर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळते, आणि बाकावरच्या मुलीला पुढे राज्याच्या शिबिराला कोणी बोलावत नाही. शिवकांताचं वय त्या गटात बसणारं ते शेवटचं वर्ष. पहिली जागा मिळाली तर पुढचा रस्ता उघडा, नाही तर हॉकी संपली. हे तिला माहीत होतं, मजीद सरांना माहीत होतं, आणि दुर्दैवानं मलाही माहीत होतं. दुर्दैवानं अशासाठी, की त्या सामन्याची पंच मी होते.

निवड समितीचे अध्यक्ष अप्पा. निवृत्त प्राध्यापक, तरुणपणी स्वतः खेळलेले, माझ्या वडिलांचे जुने स्नेही, मनानं सरळ माणूस. पण निवड समिती बसते कुठे? मैदानाच्या मध्यरेषेवर, मंडपात, कापड घातलेल्या खुर्च्यांवर. तिथून दोन्ही गोल सारखेच लांब. तिथून उडी दिसते, झेप दिसते. आवाज ऐकू येत नाही. सामन्याआधी मी त्यांना गाठलं.

"अप्पा, माझी एक मागणी आहे."

"आली का मागणी! बापावरच गेलीस. पत्रक काढणार का?"

"काढीन. मागणी अशी, की गोलकीपर निवडायची असेल तर समितीच्या खुर्च्या मंडपातून उचला आणि गोलमागं ठेवा. दोन्ही गोलमागं, अर्धा अर्धा वेळ. कुठल्याही मुलीसाठी सांगत नाही. कोणाला घ्यायचं ते तुम्ही ठरवा. पण काम जिथं होतं तिथं बसून ठरवा."

समितीतले बाकीचे हसले. एक म्हणाले, "मॅडम, गोलमागं बसलं की बॉल तोंडावर येतो." अप्पाही हसले आणि म्हणाले, "बघू, बघू." चळवळीच्या घरात वाढलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ चांगला कळतो.

आणि मग मजीद सर आले ते कपाळाला हात लावूनच. आदल्या दिवसाच्या सामन्यातली धूळ आणि ओरडणं, त्यावर प्रवासात बर्फाचं पाणी. शिवकांताचा आवाज गेला होता. साफ. मी जाळी तपासायला गोलजवळ गेले तर तिनं मला नमस्कार केला, ओठ हलले, आवाज नाही.

"बेटा, गला तो गया," मजीद सर म्हणाले. "आता काय करती?"

तिनं स्टिक उचलली आणि खांबावर एकदा आपटली. टण्ण. लांब उभी असलेली मनीषा न वळता डावीकडे सरकली. मजीद सर कितीतरी वेळानं हसले. "लगीनसराई," म्हणाले.

सामना सुरू झाला. पहिला अर्धा वेळ मी ऋतुजाच्या गोलजवळ होते. नांदेडच्या मुली लाटेसारख्या येत होत्या आणि ऋतुजा एकटी त्यांना परतवत होती. एकदा तर ती उजवीकडे पडलेली असताना बॉल डावीकडे फिरला, तिनं पडल्या पडल्या पाय असा फिरवला की बॉल बुटाच्या टोकाला लागून बाहेर गेला. पंचानं भाव दाखवायचे नसतात, पण माझ्या तोंडून "वा" निघालंच. लातूरचं पब्लिक उभं राहिलं होतं. "ऋतुजा! ऋतुजा!" मंडपातल्या खुर्च्याही टाळ्या वाजवत होत्या. आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून, त्या सगळ्या गोंगाटाखालून, मधून मधून येत होतं टण्ण. टण्ण टण्ण.

मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या आणि शिवकांता माझ्याकडच्या गोलमध्ये आली. आता ठोके माझ्या कानाशी. लातूरच्या मुली चाल रचायच्या, बॉल घेऊन यायच्या, पास द्यायला जागा बघायच्या, आणि टण्ण, त्या जागेत मनीषा आधीच उभी. दुसरीकडे वळायच्या, टण्ण टण्ण, तिकडचीही वाट बंद. डीत पाय ठेवायच्या आत बॉल हिसकावला जायचा. लातूरच्या पोरी वैतागल्या आणि त्यांच्या प्रशिक्षक बाई कडेनं ओरडू लागल्या.

"ओ पंच मॅडम! ही काय भांडी घासून राहिली का तिथं? आमच्या पोरींचं लक्ष जातंय. बंद करा ते!"

मी वेळ थांबवली. दुसरे पंच संतोष धावत आले. आम्ही दोघं बोललो. गोलकीपरला आपल्या संघाला सूचना द्यायची मुभा आहे. तोंडानं दिली तर चालते, मग स्टिकनं का नाही? ती खेळ थांबवत नव्हती, कोणाच्या अंगावर जात नव्हती, समोरची मारत असताना तिच्या कानाशी वाजवत नव्हती. मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "असला नियम कुठं आहे?" मी म्हणाले, "बंदीचा कुठं आहे, ते दाखवा. मी लगेच थांबवते."

पब्लिक हसलं. कोणीतरी टण्ण टण्ण करून नक्कल केली. पण या भांडणानं एक झालं. तोवर कोणाचं लक्ष नव्हतं, आता सगळ्या मैदानाला ते ठोके ऐकू यायला लागले. गळा धड असता तर तिचं बोलणं माझ्याखेरीज कोणी ऐकलं नसतं. गळा गेला म्हणून गावाला कळलं की ही काहीतरी सांगत असते.

खेळ पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं माझ्या मागून, गोलच्या जाळीपलीकडून, प्लॅस्टिकची खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मला वळून बघता येत नव्हतं. बॉल खेळात होता. पण आवाज ओळखीचा होता.

"अहो, हा काय कारखाना चाललाय इथं?" अप्पा.

"बसा साहेब," दुसरा आवाज. मारोतीकाका. म्हणजे ते खरंच गोलमागं बसले होते, उपरणं घेऊन. "ऊन हाय इथं, पण जवळ हाय."

"ही पोरगी वाजवते काय?"

"माझीच हाय ती," काकांचा आवाज बारीक झाला. "एक वाजवलं की डावीकडं, दोन की उजवीकडं. आत्ताच ध्यानात आलं माझ्या."

मग अप्पा म्हणाले, "आता बघा, डावीकडची ती निळी रिबीन मोकळी आहे. एक वाजवील."

टण्ण.

"वाजवलं!" दोघंही एकदम. पुढे त्यांचा खेळच सुरू झाला. कधी अप्पा बरोबर, कधी काका. एकदा दोघंही चुकले आणि शिवकांता बरोबर निघाली, तेव्हा अप्पा स्वतःशीच म्हणाले, "मला दिसलंच नव्हतं." काका मात्र वेगळ्याच नादात होते. मी पळता पळता ऐकलं, ते म्हणत होते, "साहेब, ही तर माळ्यावर उभी हाय!" अप्पांनी विचारलं, "म्हणजे?" त्याचं उत्तर मला ऐकता आलं नाही, बॉल आला.

सामना संपत आला होता, गोल कोणाचाच नव्हता. तेवढ्यात लातूरच्या एका मुलीनं लांबून डीत जोरात बॉल घातला. गर्दीत तो कोणाच्या तरी स्टिकला लागून वळला. शिवकांता एका बाजूला, बॉल दुसऱ्या बाजूला गोलरेषेकडे. तिथे मनीषा होती. तिनं बॉल अडवला. धूळ उडाली होती. मनीषानं बॉल बाहेर ढकलला आणि नांदेडच्या मुलींनी हात वर केले, वाचलो म्हणून.

बॉल मनीषाच्या पायाला लागून थांबला होता. मला स्वच्छ दिसलं. मैदानात पायानं बॉल अडवायची मुभा फक्त गोलकीपरला. रेषेवर दुसऱ्या कोणी पायानं गोल वाचवला तर शिक्षा एकच, पेनल्टी स्ट्रोक. गोलसमोरच्या खुणेवर बॉल ठेवायचा, मारणारी एक आणि गोलकीपर एक. बाकी सगळ्यांनी लांब उभं राहायचं. तिथे जिला सांगावं अशी कोणी नसते. आवाजाचा उपयोग नाही, ठोक्यांचा नाही. शिवकांताकडे जे होतं ते सगळं काढून घेणारी ती एकच जागा होती, आणि तिथे तिला मलाच उभं करायचं होतं.

मी शिट्टी वाजवली आणि हात खुणेकडे केला.

"मॅडम, स्टिकला लागला!" मनीषा धावत आली. "आईची शपथ, स्टिकला!"

मजीद सर कडेवरून. "मॅडम, पक्का?"

"पक्का."

लातूरची कर्णधार खुणेवर आली. शिवकांतानं रेषेवर पाय रोवले. मी शिट्टी दिली. शिवकांता उजवीकडे गेली, बॉल डावीकडून जाळीत गेला. फसगत साधीसुधीच होती. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आमची ऋतुजा असती तर अडवला असता!" आणि खरंच अडवला असता. ते मी आजही नाकारत नाही.

सामना तिथेच संपला. लातूर जिंकलं. ऋतुजाला पोरांनी खांद्यावर घेतलं. सामन्यानंतर खेळाडू पंचांशी हात मिळवतात. मनीषा माझ्याकडे न बघता पुढे गेली, ते मी समजू शकते. शिवकांता आली. हेल्मेट काढलेलं, केस घामानं चिकटलेले. तिनं माझा हात धरून ठेवला, जवळ वाकली आणि आवाज नसलेल्या घशातून म्हणाली, "पायालाच लागला, मॅडम. मी बघितलं. बरोबर दिला."

मी इतकी वर्षं शिट्टी वाजवते आहे. हरलेल्या संघाच्या कोणी मला असं सांगितल्याचं आठवत नाही. तिच्या हरण्यात माझा हात होता, तोच हात तिनं धरला होता. मी तो नुसता दाबला आणि सोडला. बोलले असते तर पंच उरले नसते.

निवड समिती मंडपात बसली. बाहेर मुली गवतावर. ऋतुजा खांद्यांवरून उतरून थेट शिवकांतासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं आता टोमणा येणार.

"काय वाजवत होतीस गं तिकडं? मला सगळा वेळ ऐकू येत होतं. आमच्या पोरींना बॉलच मारता येईना."

शिवकांतानं बोलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. तिनं आपले ग्लव्हज, बूट, पाण्याच्या बाटल्या गवतावर मांडल्या. ग्लव्हज म्हणजे गोल, बाटल्या म्हणजे बचावाच्या मुली, बूट म्हणजे हल्ला करणाऱ्या. बूट पुढे सरकवला, गवतावर एक टिचकी, बाटली डावीकडे. दोन टिचक्या, बाटली उजवीकडे. ऋतुजा मांडी घालून बसली आणि बघत राहिली. मग तिनं स्वतः एक बूट मागून आत घुसवला. शिवकांतानं लागोपाठ टिचक्या मारल्या आणि सगळ्या बाटल्या मागे ओढल्या. "हात्तिच्या," ऋतुजा म्हणाली. "आणि मी येडी, उड्या मारून राहिले."

अप्पा बाहेर आले. नावं वाचली. गोलकीपर, पहिली, शिवकांता. दुसरी, ऋतुजा.

गलका झाला. लातूरचं पब्लिक अप्पांभोवती जमलं. "जिच्यावर गोल झाला ती पहिली? हा कुठला न्याय? आमच्या पोरीवर एक तरी झाला का?" अप्पांचा कुर्ता घामानं भिजला होता, गोलमागं बसून चेहरा लाल झाला होता. ते समजावत होते, कोणी ऐकत नव्हतं. तेव्हा ऋतुजा उठली. तिचा गळा शाबूत होता.

"ओ काका, गप बसा जरा!" गर्दी खरंच गप्प झाली. "माझ्याकडं सारखा बॉल आला, मी अडवला. ठीक आहे. पण आला कशामुळं? माझ्यासमोर कोणी नव्हतंच. तिच्याकडं आला तो एक, तोही स्ट्रोकचा. तिचं नाव बरोबर आहे. मी बाकावर बसते, मला शिकायचं आहे." आणि मग स्वतःच्याच चाहत्यांकडे बघून, "आणि माझा फोटो छापायचा तर छापा, त्याला मी नाही म्हणत नाही."

लोक हसले आणि पांगले. मी तिला तिथेच मनातून सलाम केला. स्वतःच्या नावाविरुद्ध एवढ्या लोकांसमोर बोलायला जी छाती लागते, ती मी भल्या भल्या पुढाऱ्यांत पाहिलेली नाही.

माझी मागणी अर्धी मान्य झाली आहे. लातूरच्या निवडीला आता मंडपातून दोन खुर्च्या उचलून गोलमागं ठेवतात. बाकीच्या ठिकाणी अजून 'बघू' चालू आहे. मी पत्रक काढायचं सोडलेलं नाही. हा लेख म्हणजे तेच आहे असं समजा.

राज्याच्या स्पर्धेला मी पंच नव्हते. रजा टाकून, तिकीट काढून, प्रेक्षक म्हणून गेले. शिवकांताचा आवाज परत आला होता, आणि तो पहिल्या मिनिटापासून चालू होता. बाकावरून ऋतुजाही ओरडत होती, आता आपल्याच मुलींना. पहिला सामना आपण जिंकलो. समोरच्या संघाला गोलवर धड एक फटका मारता आला नाही. मारोतीकाका माझ्या शेजारी बसले होते, गोलच्या मागे, उन्हात. पलीकडे कोणी परगावचे गृहस्थ होते. सामना संपल्यावर ते सहानुभूतीनं काकांना म्हणाले, "तुमच्या गोलकीपरला आज काही करायलाच मिळालं नाही हो. नुसती उभी राहून ओरडत होती."

काकांनी उपरणं झटकलं. खांद्यावर टाकलं.

"हाव," ते म्हणाले. "एक पाखरू बसू दिलं न्हाई."